कीर्द, खतावणी आणि लावलेला इंडेक्स

मंडळी, बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलो नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी महिनाभर स्क्रीनकडे बघायचं नाही अशी ताकीद दिली होती. आता दिसायला लागलंय चांगलं, म्हणून आधी जे मनात साठलंय ते लिहून टाकतो. विषय माझ्या आवाक्यातला नाही, हे आधीच कबूल करतो. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला मास्तर. संगणक हाताळायला लागलो तोच मुळी निवृत्तीनंतर, नातवाच्या मदतीने. पण भांडण शब्दांचं असलं की मास्तराला गप्प बसवत नाही, त्याला इलाज नाही.

दिवाळीत चिरंजीव आणि सूनबाई पुण्याहून आले होते. दोघंही प्रोग्रॅमर, वेगवेगळ्या कंपन्यांत. सुट्टी म्हणायची, पण चिरंजीवांचा लॅपटॉप काही बंद होत नव्हता. भाऊबीजेच्या संध्याकाळी ओसरीवर बसून ते एक रिपोर्ट काढत होते. २०२३ सालची सगळी विक्री एका ग्राहकागणिक दाखवायची, एवढंच काम. पण बटण दाबलं की चाळीस सेकंद नुसतं चक्र फिरायचं. मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते असं:

"डेटाबेसच स्लो आहे गं. नवीन सर्व्हर घ्यायला सांगतो."

"डेटाबेस स्लो नाहीये. तुझी क्वेरी स्लो आहे."

"क्वेरीत काय आहे? तारखेवर इंडेक्स लावलाय मी."

"लावलास. पण लागतोय का?"

हे शेवटचं वाक्य ऐकलं आणि मी हातातला पेपर खाली ठेवला. घरातून सौ.चा आवाज आला, "दिवाळीचं तरी घरातलं काही बोला!" पण मला त्या एका वाक्यात आख्खा व्याकरणाचा तास दिसला होता.

आपल्या मराठीत लावणे आणि लागणे ही जोडी फार गमतीची आहे. दिवा लावला, पण लागला का? कुलूप लावलं, पण लागलं का? झाड लावलं, पण लागलं का? लावणं आपल्या हातात असतं, लागणं नेहमीच नसतं. चिरंजीव म्हणत होते 'लावलाय', म्हणजे तयार करून ठेवलाय. सूनबाई विचारत होत्या 'लागतोय का', म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर शोधताना डेटाबेस तो खरोखर वापरतोय का. दोघांच्याही तोंडी शब्द एकच, इंडेक्स. दोघंही खरंच बोलत होते. आणि तरीही वीस मिनिटं भांडत होते.

मी म्हणालो, "थांबा जरा. मला सांगा, इंडेक्स म्हणजे अनुक्रमणिका ना?"

"हो बाबा," दोघंही एकदम म्हणाले. बघा, इथे मात्र एकमत!

आणि इथेच दोघंही चुकले. बालभारतीचं कुठलंही पुस्तक उघडा. पहिल्या पानांवर असते ती अनुक्रमणिका. धडे ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने त्यांची नावं. एखादा शब्द पुस्तकात कुठे कुठे आलाय हे शोधायला तिचा काही उपयोग नाही. त्यासाठी जाड ग्रंथांच्या शेवटी असते ती सूची, अकारविल्हे लावलेली, प्रत्येक शब्दापुढे पानांचे आकडे. डेटाबेसातला इंडेक्स म्हणजे ही मागची सूची, पुढची अनुक्रमणिका नव्हे. सूनबाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "बरोबर आहे बाबा. मागचीच." आपल्याकडे भाषांतर करताना अनुक्रमणिका हा शब्द सर्रास वापरला जातो, आणि मग शिकणाऱ्या पोराच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून चुकीचं चित्र बसतं.

पण खरं सांगू का, याहून चांगला शब्द आमच्या घरातच होता.

माझे वडील खामगावला एका कापसाच्या अडत्याकडे दिवाणजी होते. रोज रात्री ते कीर्द लिहायचे. दिवसभरात जसे व्यवहार झाले तसे, त्याच क्रमाने. सकाळी उठून तीच कीर्द समोर ठेवून खतावणी करायचे, म्हणजे प्रत्येक असामीच्या खात्यावर त्याची त्याची रक्कम चढवायची. एखादा शेतकरी दुकानात येऊन विचारायचा, "दिवाणजी, माह्या नावावर किती निघते?" कीर्दच फक्त असती तर वडिलांना वर्षभराची पानं चाळावी लागली असती. खतावणी उघडली की त्याचं खातं एका जागी. आणि त्यात कीर्दीच्या पानाचा आकडाही असायचा, शंका आली तर मूळ नोंद लगेच काढून दाखवता यायची.

डेटाबेसातलं टेबल म्हणजे ढोबळमानाने कीर्द, आणि इंडेक्स म्हणजे खतावणी. (हिशेबनीस मंडळी मला मारतील, खतावणीत रक्कमही असते म्हणून. पण काही इंडेक्समध्येही नुसता पानाचा आकडा नसतो, लागणारी माहितीही सोबत ठेवतात, असं सूनबाई म्हणाल्या. तेव्हा उपमा अगदीच लंगडी नाही.)

शेतकरी वाचकांसाठी याहून जवळचं उदाहरण देतो. सातबारा हा गट नंबराप्रमाणे असतो. या गटाचा मालक कोण, हे त्यावरून लगेच कळतं. पण अमक्या माणसाची गावात एकूण जमीन किती, हे सातबाऱ्यांवरून काढायचं तर गावातले सगळे सातबारे चाळा. म्हणून आठ-अ असतो, खातेदाराप्रमाणे. माणूस एकच, जमीनही तीच, पण प्रश्न दोन प्रकारचे येतात म्हणून दप्तरही दोन प्रकारे लावलेलं. ज्या कोण्या इंग्रज साहेबाने किंवा त्याच्या हाताखालच्या कारकुनाने ही गाव नमुन्यांची रचना बसवली, त्याला इंडेक्स शब्दाचा हा अर्थ ठाऊक नसेल, पण काम ठाऊक होतं.

आणि आठ-अ ची मर्यादाही बघा. तो एका गावापुरता. शेजारच्या गावात त्याच माणसाची दोन एकर असेल तर ती त्यात नाही. आता घरबसल्या संगणकावर सातबारा बघतानाही आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव निवडावं लागतं, आणि मगच गट नंबर किंवा नाव विचारतात. सूनबाई म्हणाल्या, अनेक रकान्यांच्या इंडेक्सचं असंच असतं. पहिला रकाना माहीत नसेल तर दुसऱ्या-तिसऱ्याचा फारसा उपयोग होत नाही.

मग सगळ्याच रकान्यांची खतावणी का करून ठेवू नये? चिरंजीवांनी हे विचारलं, आणि उत्तर मी दिलं, कारण ते मी लहानपणी बघितलं होतं. वडिलांना रात्री एक वही लिहावी लागायची आणि सकाळी दुसरी. चार खतावण्या असत्या तर सकाळ दुपारपर्यंत गेली असती. वाचायचं काम जितकं सोपं कराल तितकं लिहायचं काम वाढतं. जमिनीचा एक फेरफार मंजूर झाला की सातबारा आणि आठ-अ दोन्ही बदलावे लागतात, तसंच हे.

शिवाय कधीकधी खतावणीपेक्षा कीर्द सरळ चाळणंच बरं पडतं. शाळेत एकूण मुली किती हे काढायचं असेल तर हजेरीपटाचं पान न् पान बघावंच लागणार. तिथे सूचीत एक नाव बघा, पान उघडा, परत सूचीत या, असं करत बसलं तर वेळ दुप्पट. डेटाबेसही हे ओळखतो म्हणे. फार नोंदी लागणार असं दिसलं तर इंडेक्स असूनही तो बाजूला ठेवतो. म्हणजे 'लावला पण लागला नाही' हा दर वेळी दोष नसतो, कधीकधी ते शहाणपण असतं.

हे सगळं कशाच्या जोरावर ठरवायचं? सूनबाईंनी चिरंजीवांच्या लॅपटॉपवर क्वेरीच्या आधी एक शब्द टाकला, एक्स्प्लेन. म्हणजे 'समजावून सांग'. डेटाबेस मग उत्तर देण्याऐवजी आपण कुठल्या वाटेने जाणार ते सांगतो. पाढा चुकलेल्या पोराला मी हेच तर विचारायचो, "उत्तर राहू दे, कसं केलंस ते सांग." तिथे स्वच्छ दिसलं की तारखेचा इंडेक्स वापरलाच जात नव्हता, सगळं टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचलं जात होतं.

कारणही सापडलं. चिरंजीवांनी प्रश्न असा विचारला होता: प्रत्येक नोंदीच्या तारखेतून साल वेगळं काढ, आणि ते २०२३ असेल तर ती नोंद घे. पण खतावणी होती तारखेची, सालाची नव्हे. साल काढायला प्रत्येक नोंदीला हात लावणं आलं. सूनबाईंनी प्रश्न फिरवला: १ जानेवारी २०२३ पासून १ जानेवारी २०२४ च्या आधीपर्यंतच्या नोंदी दे. अर्थ तोच. पण आता तारखेच्या सूचीत पहिली जागा गाठायची आणि तिथून सरळ पुढे चालत जायचं. चाळीस सेकंदांचं काम एका सेकंदाच्या आत आलं. नवीन सर्व्हर वाचला, चिरंजीवांनी दोन करंज्या जास्त खाल्ल्या.

"मग सालाचाच इंडेक्स लावला असता," ते शेवटी पुटपुटलेच. "लावता येतो," सूनबाई म्हणाल्या, "पण एकेका प्रश्नासाठी एकेक खतावणी करणार का?" शब्द माझा, वापर त्यांचा. मास्तराला याहून जास्त काय पाहिजे?

त्या रात्री त्यांच्या धंद्यातले आणखी काही शब्द मी विचारून घेतले. अशा इंडेक्स वापरू देणाऱ्या प्रश्नाला ते 'सार्जेबल' म्हणतात. मला वाटलं पोलिसातला सार्जंट! ते निघालं सर्च, आर्ग्युमेंट आणि एबल यांचं कडबोळं. ज्या भाषेत हे प्रश्न लिहितात तिला कोणी एस-क्यू-एल म्हणतं, कोणी सीक्वेल, आणि त्यावरूनही वाद. मुळात १९७४ च्या सुमारास आयबीएमच्या चेंबरलिन आणि बॉइस यांनी तिचं नाव सीक्वेलच ठेवलं होतं, ते नाव दुसऱ्या कंपनीच्या मालकीचं निघालं म्हणून आखूड केलं. इंडेक्स ज्या रचनेत साधारणपणे ठेवतात तिचं नाव बी-ट्री. बायर आणि मॅक्राइट या दोघांनी ती बोइंग कंपनीत असताना सुचवली, पण त्यातला बी कशाचा हे त्यांनी कधी सांगितलंच नाही. रचना मात्र अशी की दहा लाख नोंदींतली एक तीन-चार पानं उलटून सापडते.

सगळ्यांत मोठा घोटाळा 'रिलेशनल' या शब्दाचा. बहुतेकांना वाटतं की टेबलांची एकमेकांशी नाती असतात म्हणून ते नाव. १९७० साली एडगर कॉड यांनी तो शब्द वापरला तो गणितातल्या अर्थाने. त्यांच्या लेखी टेबल हेच एक रिलेशन. नात्यागोत्याचा तिथे संबंध नाही.

आणि 'स्लो' हा शब्द? तो तर सगळ्यांत निसरडा. शेगावला दर्शनबारीत उभे राहा. भक्त विचारतो, मला किती वेळ लागला. व्यवस्था बघणारा विचारतो, तासाभरात किती जणांचं दर्शन झालं. रांग नीट चालली असेल तर दुसरा आकडा उत्तम असूनही पहिला वाईट असू शकतो. 'सिस्टीम स्लो आहे' म्हणणाऱ्याने यातलं कुठलं मोजलं ते सांगावं, नाहीतर दोघं दोन गोष्टींवर भांडत बसतात.

आता माझं मत सांगतो, त्यासाठीच हा पसारा मांडला.

काही लोक म्हणतात, शब्दांवर कशाला भांडता, घड्याळ लावा आणि बघा. हे अर्धं खरं आहे. मोजल्याशिवाय बोलू नये, हे मला पूर्ण मान्य. पण काय मोजायचं हे शब्दच ठरवतो. चिरंजीवांनी चाळीस सेकंद अचूक मोजले होते. चूक झाली ती 'डेटाबेस स्लो आहे' या नावात, आणि त्या नावामागे लगेच खरेदीची यादी निघाली. नाव चुकलं की औषध चुकतं.

दुसऱ्या टोकाला आपले शब्दशुद्धीवाले मित्र. डेटाला विदा म्हणा, डेटाबेसला विदागार म्हणा. मीही एकेकाळी अनुदिनी म्हणायचो, आता ब्लॉग म्हणतो. विदाला माझा विरोध नाही, दोन अक्षरी आहे, रुळला तर छानच. पण नुसता शब्द संस्कृतात बसवला म्हणजे समज मराठीत येत नाही. अनुक्रमणिकेचं काय झालं ते वर पाहिलंच. मला विचाराल तर शब्द इंग्रजी असला तरी चालेल, पण समजूत आपल्या कीर्द-खतावणीतून, सातबारा-आठ-अ मधून यावी. इंडेक्स खुशाल म्हणा, पण 'लावला' आणि 'लागला' यातला फरक ठेवा. क्रियापद तरी आपलं आहे ना!

हे सगळं चार सुशिक्षितांच्या ओसरीवरचं झालं. याचं दुसरं टोक कुठे पोचतं, तेही सांगतो.

मी मेहकर तालुक्यात एका शाळेवर मुख्याध्यापक होतो तेव्हाची, २००६ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. चाळिशीतला एक माणूस आला. "गुरुजी, मह्या बापाचा दाखला काहाडून द्या." मुलाला बारावीनंतर प्रवेश घ्यायचा होता, जातीच्या पडताळणीसाठी आजोबांची नोंद हवी होती. वडील वारलेले. कोणत्या साली शाळेत घातलं? "गांधीबाबा गेले त्याच्या अल्याडपल्याड."

दाखल-खारीज रजिस्टर हे कीर्दीसारखं. मूल ज्या क्रमाने आलं त्या क्रमाने नोंद. नावाची सूची कुठेच नाही. मी आणि शिपाई चार संध्याकाळी बसलो. वाळवी लागलेली पानं, फिकट शाई. नाव काही सापडेना. शेवटी चौथ्या दिवशी वडिलांचं नाव जुळतं अशी एक नोंद दिसली, पण मुलाचं नाव वेगळंच. तो माणूस एकदम म्हणाला, "हेच तं! घरी आजी त्याले याच नावानं हाका मारे." आडनाव त्या काळच्या नोंदीत नव्हतंच. बाकीच्या खुणा जुळत होत्या म्हणून दाखला देता आला. तो माणूस चार दिवस मजुरी बुडवून आमच्या ओट्यावर बसला होता, हे मात्र मला नंतर कळलं.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत मी बसून एका जाड वहीत सगळ्या रजिस्टरांची सूची केली. नाव, बापाचं नाव, रजिस्टर, पान. नंतर येणाऱ्यांचं काम दहा मिनिटांत व्हायचं. मी निवृत्त झाल्यावर त्या वहीत पुढच्या नोंदी कोणी चढवल्या नाहीत. संगणकात ही कटकट नाही, टेबलात नोंद पडली की इंडेक्समध्ये आपोआप पडते. पण एक गोष्ट संगणकालाही जमत नाही. घरचं नाव एक आणि रजिस्टरातलं दुसरं असेल, तर कितीही वेगवान इंडेक्स तुम्हाला अतिशय वेगाने 'नोंद आढळली नाही' एवढंच सांगेल.

२०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्याचं काम राज्यभर निघालं तेव्हा शाळांची प्रवेश-निर्गमची रजिस्टरं, जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी, महसुली दप्तर, असं सगळं माणसांनी पानोपान चाळलं. काही मोडीत लिहिलेलं. मला आमच्या त्या चार संध्याकाळी आठवल्या.

आणि आता? आता रजिस्टर नाही, स्क्रीन आहे. आठवडाभरापूर्वी एका केंद्रावर मी उताऱ्यासाठी गेलो होतो. माझ्या पुढे एक म्हातारी. खिडकीतल्या पोराने सांगितलं, "आज्जी, सर्व्हर डाऊन आहे. उद्या या." ती काही न बोलता निघाली. बाहेर विचारलं तर बसने आली होती, तिसरी खेप.

'सर्व्हर डाऊन' हा आपल्या काळातला सगळ्यांत आळशी शब्द आहे, असं माझं मत झालंय. लाइट गेली तरी सर्व्हर डाऊन. नेट नाही तरी तेच. कोणीतरी चुकीचा प्रश्न लिहिल्यामुळे चाळीस सेकंदांचं चक्र फिरत असलं तरी तेच. नाव सापडत नसलं तरी तेच. मी वैद्याकडे जाऊन 'बरं वाटत नाही' एवढंच म्हटलं तर तो औषध काय देणार? त्या पोराचा यात दोष नाही, त्याला दुसरा शब्द कोणी दिलेलाच नाही. तो शब्द ज्यांनी द्यायचा ती मंडळी पुण्या-मुंबईत, आणि काही तर आमच्याच घरात आहेत.

म्हणून निघताना मी चिरंजीवांना आणि सूनबाईंना एवढंच म्हणालो, की तुम्ही भांडा, खूप भांडा, शब्दावरच भांडा. पण भांडण संपल्यावर तुमच्या स्क्रीनवर चूक म्हणून जी ओळ येते ना, ती तरी त्या आज्जीला कळेल अशी लिहा. 'नाव सापडलं नाही, दुसरं नाव असेल तर सांगा', किंवा 'आज होणार नाही, थांबू नका'. तिची एक खेप वाचेल.

चिरंजीव म्हणाले, "बाबा, ते माझ्या हातात नसतं." असेलही. पण एक्स्प्लेन हा शब्द त्यांनी डेटाबेससाठी राखून ठेवलाय, तो माणसांसाठीही वापरता येतो.

असो. डोळे दुखायला लागले, सौ. दुसऱ्यांदा हाका मारतेय. तुमच्या धंद्यातले असे 'लावलेले पण न लागणारे' शब्द असतील तर जरूर कळवा. वही काढून बसलोच आहे, खतावणीला लावून टाकतो.